वहीवर नाव कोणाचे?
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय तसा लहान आहे. मुलांना वह्यांना कव्हर घालायला मदत करायची आणि ते कव्हर त्यांचे त्यांना सजवू द्यायचे, एवढाच. एवढ्यासाठी भाषण कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांनी पाच-दहा मिनिटे कळ काढावी, ही विनंती.

जून महिना आला की वस्त्यावस्त्यांतून वह्यावाटपाचे कार्यक्रम होतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन गेली काही वर्षे केले जाते व लोक त्याला मनापासून प्रतिसाद देतात. ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु वाटपातल्या पुष्कळशा वह्यांचे मुखपृष्ठ एकदा नीट पाहा. वर देणाऱ्याचा हसरा फोटो, त्याखाली त्याचे पद, आणि सगळ्यात खाली टिंबाटिंबांची एक ओळ: 'विद्यार्थ्याचे नाव'. ते लेकरू वर्षभर दुसऱ्याचा चेहरा दप्तरात वागवते. वही उघडताना रोज त्याला आठवण होते की ही आपल्याला कोणीतरी दिली आहे. वही द्यावी, पण तिच्याबरोबर उपकाराचे ओझे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव लिहिले जाण्याची किंमत आपल्या समाजाला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. महाराष्ट्रात २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. रजिस्टरातले नाव गुरुजी लिहितात. वहीवरचे नाव मात्र मुलाने स्वतः लिहायचे असते. ते त्याच्याच हातचे असावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लागणारे साहित्य घरातले आहे. खाकी कागद नसेल तर जुन्या कॅलेंडरचे जाड पान उलटे करून घ्यावे. वही उघडून कागदावर पालथी ठेवावी. डावी-उजवीकडे चार-चार बोटे आणि वर-खाली दोन-दोन बोटे कागद सोडावा. आधी वरची व खालची पट्टी आत दुमडावी. मग बाजूच्या घड्या घालून त्या खिशांत वहीचे पुठ्ठे सरकवावेत. डिंक नको, खळ नको. वही संपली की हेच कव्हर काढून तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या वहीला घालता येते.

सजावटीला महागडे रंग लागत नाहीत. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा तयार होतो. पिंपळाच्या पानाला मागून रंग लावून दाबले की शिरान्‌शिरा उमटते. खाकी कागदावर पांढरा रंग तर विशेष खुलतो. आपल्या वारली बांधवांची चित्रकला आठवा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्याच आकारांत सगळे गाव उभे राहते. त्याच कलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण जोडून माणूस काढणे पहिलीतल्या मुलालाही जमते.

चित्र विषयाला धरून असले तर आणखी बरे. भूगोलाच्या वहीवर आपल्या वस्तीचा नकाशा, गणिताच्या वहीवर ठिपक्यांची रांगोळी, मराठीच्या वहीवर आवडत्या गोष्टीतले एखादे पात्र. मुलाला विचारावे, 'तुला काय काढावेसे वाटते?' आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

थांबणे हेच मदत करणाऱ्याचे खरे काम आहे. कात्री धरावी, घडी सरळ करून द्यावी, पण पेन्सिल आपल्या हातात घेऊ नये. घोड्याला पाच पाय झाले तरी खोडरबर पुढे करू नये. नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल तर पाटीवर शुद्ध लिहून दाखवावे आणि कव्हरवर त्यालाच लिहू द्यावे. स्पर्धा आणि बक्षीस तर मुळीच नको. बक्षीस ठेवले की कव्हरे आया आणि थोरल्या बहिणी करू लागतात, आणि मूल बाजूला बसून पाहत राहते. काही शाळांत सर्व वह्यांना एकसारखे खाकी कव्हर व लेबल असावे असा नियम असतो. तो पाळावा, चित्र आतल्या घडीवर काढावे.

नाव लिहिताना आईचे नाव विसरू नये. ठरावीक तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या शालेय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवून दिला आहे. जी माय धुणीभांडी करून शाळेचा खर्च भागवते, तिचे नाव लेकराच्या अक्षरात वहीवर यावे, यापेक्षा मोठी सजावट कोणती?

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. यंदाच्या वाटपाच्या वह्या कोऱ्या मुखपृष्ठाच्या घ्याव्यात. देणगीदारांची नावे या स्मरणिकेत आदराने छापावीत, वहीवर नकोत. वाटपानंतरच्या रविवारी दोन तास सभागृह मुलांसाठी मोकळे ठेवावे. आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मित्रांनो, ही जबाबदारी तुम्ही उचला. एकाने पाच मुले सांभाळली तरी पुरे. भाषणे करायला आम्ही आहोत. कागदाच्या घड्या घालायला तुम्ही या.

ज्या वहीवर मुलाने स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव घातले, ती वही त्याची होते. आपल्या वहीत माणूस जपून लिहितो.