मांजर्लीतून बारवीच्या वाटेला

एकतीस वर्षं मी बदलापूरहून मुंबईला लोकलनं गेलो-आलो. सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर मला स्टेशनागणिक पाठ. मांजर्ली मात्र ठाऊक होती ती घरापासून फलाटापर्यंतच, तीही बहुतेक अंधारातली. निवृत्त झालो आणि सायकल घेतली. साधीच, मागे कॅरियर असलेली. मनात एकच रस्ता होता, बारवी धरणाकडे जाणारा, दुतर्फा झाडीचा. त्या झाडीपर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न तेव्हा पडलाच नव्हता.

तो तिसऱ्या दिवशी पडला. मोठ्या रस्त्यानं निघालो होतो. मागून डंपर आला आणि इतक्या जवळून गेला, की त्याच्या वाऱ्यानंच मी गटाराच्या कडेला टेकलो. घरी काही बोललो नाही, पण गुडघ्यानं चुगली केली. "सायकल विकून टाका," ही म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं.

त्याच सुट्टीत नात येणार होती. दहा वर्षांची, नुकतीच सायकल शिकलेली. "आबा, मलापण न्याल ना धरणावर?" असं फोनवर विचारून बसली होती. मग मी वाट शोधायला लागलो, ती तिच्या मापानं. मला चालेल तो रस्ता नव्हे, तिला चालेल तो.

शोध पायीच केला. आधी नकाशा पाहिला. पण नकाशा जवळचा रस्ता सांगतो, शांत रस्ता सांगत नाही. शेवटी आमच्याकडे पेपर टाकणाऱ्या मुलाला विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, "काका, किती वाजता जाणार?" निम्मं उत्तर त्या प्रश्नातच होतं. पावणेसहाला जी गल्ली देवळासारखी शांत असते, तीच सात वाजता रिक्षा आणि शाळेच्या व्हॅननी भरून जाते. कुठली कुत्री नुसती भुंकतात आणि कुठली मागे लागतात, हेही त्याला पाठ होतं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळायचं?

बेल्जियममध्ये लिंबुर्ग प्रांतात ह्युगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्यानं सायकलवाल्यांसाठी एक सोपी युक्ती काढली. शांत रस्ते जिथे एकमेकांना मिळतात, त्या प्रत्येक नाक्याला नंबर द्यायचा. खाणीतल्या बोगद्यांच्या नाक्यांना असेच नंबर असत. १९९५ साली हे जाळं सुरू झालं. तिथला माणूस चार-पाच नंबर कागदावर लिहून घेतो आणि निघतो. मीही चिठ्ठी केली. नंबरांऐवजी गिरणी, पिंपळ, दूध केंद्र, निळं फाटक, आणि मग नदी.

एक गल्ली मला फार आवडली होती. रुंद, सपाट, एक गाडी नाही. तिथल्या एका आजींनी ओट्यावरून हटकलं, "पावसात येऊ नका हो इकडं." भिंतीवरची खूण दाखवली, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. २६ जुलै २००५ च्या पाण्याची. २०१९ च्या जुलैतही महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हाही त्या गल्लीत पाणी शिरलं होतं. शांत रस्ता शांत का आहे, हे विचारून घ्यावं लागतं. चिठ्ठीवर त्या गल्लीपुढे मी लिहिलं, 'जून ते सप्टेंबर बंद'.

उल्हासच्या पुलाला मात्र पर्याय नाही. नदीला गल्लीबोळ नसतात. तिथे डंपर आणि आपण एकाच वाटेवर. त्यावर उपाय एकच, खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून कडेनं चालायचं. यात कमीपणा कसला? पूल ओलांडून मुळगावच्या खंडोबाची टेकडी दिसायला लागली, की मग बसावं सीटवर.

मे महिन्यात नात आली. पावणेसहाला निघालो. ती पुढे, मी मागे. गिरणी, पिंपळ, दूध केंद्र ती मोठ्यानं म्हणत होती. पुलावर उतरलो आणि समोरून सूर्य वर आला. ती थांबली. "आबा, आपण वेस्टला राहतो ना? मग सूर्य इकडून कसा?"

मी एकतीस वर्षं वेस्टला राहिलो, पण हे कधी मनात आलं नव्हतं. घरी येऊन नकाशा उलगडला. कल्याणहून खोपोलीकडे १८५६ साली टाकलेली ही लाईन इथे आग्नेयेकडे जाते. त्यामुळे रेल्वेच्या हिशेबातलं आमचं पश्चिम खरं म्हणजे ईशान्येला आहे. नदी, बारवी, सूर्य, सगळं आमच्याच बाजूला.

त्या दिवशी धरणापर्यंत गेलोच नाही. मुळगावच्या अलीकडे झाडाखाली बसून डब्यातले पोहे खाल्ले आणि टँकर सुरू व्हायच्या आत परतलो. चिठ्ठी तिनं मागून घेतली. 'पूल' या शब्दापुढे तिनं पेन्सिलीनं एक सूर्य काढला आहे.