ती म्हणाली 'स्टार्व्ड', मी लिहिलं 'भूक'

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं आवरून इथे देत आहे.)



मला विषय दिलाय 'इंग्रजांची इंग्रजी'. मी काही भाषातज्ज्ञ नव्हे, म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर. बेळगावात वाढले, शिकले, 1986 साली इंग्लंडला गेले आणि उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांत बावीस वर्षं काढली. जाताना माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा पक्का समज होता. तो एका आजीबाईंनी मोडला, आणि त्यात त्यांचा जीव जायची वेळ आली. तेवढंच आज सांगते.

आधी गाव सांगते. टॉडमॉर्डन. यॉर्कशायर आणि लँकशायर या दोन काउंट्यांच्या सीमेवरचं. सीमा म्हटलं की आपले कान टवकारतात, म्हणून थोडं थांबते. या गावातून वाहणारा ओढा हीच सीमा होती. 1875 साली लोकांनी नगरभवन बांधलं ते नेमकं त्या ओढ्यावर, म्हणजे अर्धं सभागृह एका काउंटीत, अर्धं दुसऱ्या. पुढे 1888 च्या कायद्याने रेघ सरकवली आणि अख्खं गाव यॉर्कशायरात गेलं. पण यॉर्कशायर म्हणजे लोकर, आणि हे गाव लँकशायरसारखं सूतच विणत राहिलं. तिथला क्रिकेट क्लब आजही लँकशायर लीगमध्ये खेळतो. बोलीचं विचाराल तर तिला कोणी विचारलंच नव्हतं, ती दोन्हीकडची मिळून होती तशीच राहिली.

1987 चा डिसेंबर. एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजींना घरी जाऊन तपासायचं होतं. चढावर दगडी घरांची सलग रांग, त्यातलं एक. आजी शाल गुंडाळून खुर्चीत. कानाने जवळजवळ बहिऱ्या. मी मोठ्याने विचारलं, कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, "आय'म स्टार्व्ड, लव्ह."

मी कागदावर लिहिलं : भूक, खाणं अपुरं. घरपोच गरम जेवणाची सोय करायला सांगितली आणि कर्तव्य केल्याच्या आनंदात निघाले. शेगडी विझलेली होती, मी स्वतः कोट न काढता बसले होते. पण मला तिथली सगळीच घरं गार वाटायची, त्यामुळे ते डोक्यात शिरलंच नाही.

पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात आणलं. अंगाचं तापमान 31. माझा कागद वाचून वॉर्डातली नर्स म्हणाली, "डॉक्टर, यांनी सांगितलं होतं की तुम्हाला. स्टार्व्ड म्हणजे गारठलेय."

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसताच 'मरणं' असा होता. दक्षिणेत तो भुकेने मरण्यापुरता उरला, उत्तरेत थंडीने मरण्यालाही चालत राहिला. हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मी फक्त त्यांच्या पलंगाशी बसून होते.

त्या वाचल्या. नऊ आठवडे वॉर्डात होत्या, आणि मी रोज ड्यूटी संपली की अर्धा तास त्यांच्याकडे जायची. अपराधी वाटायचं म्हणून सुरुवात झाली, नंतर गोडी लागली म्हणून.

त्यांचा जन्म 1907 चा. वडील, आई, आजी सगळे गिरणीत. पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन यायचा आणि माडीच्या खिडकीवर टकटक करून रस्ताभर लोकांना उठवायचा. आठवड्याला त्याला काही पेनी द्यायच्या. मग लाकडी तळाचे, लोखंडी नाल मारलेले क्लॉग घालून सगळी गल्ली खडखडत निघायची. पोरं मुद्दाम फरशीवर टाच घासून ठिणग्या काढत आणि नाल झिजला म्हणून मार खात. उंबऱ्याची पायरी धुऊन तिच्या कडेला एका मऊ दगडाने पट्टा ओढायचा. तो दगड भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा. मी म्हटलं, आमच्याकडे सडारांगोळी असते आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण असते. त्यांना बोहारणीचं फार कौतुक वाटलं. भांडं देते? आमचा मेला नुसता दगड द्यायचा!

बारा पूर्ण झाल्यावर त्या 'हाफ-टायमर' झाल्या. म्हणजे अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. एका आठवड्यात सकाळी माग आणि दुपारी वर्ग, पुढच्या आठवड्यात उलटं. दुपारच्या वर्गात ही पोरं बाकावर डोकं टेकून झोपत, आणि एक मास्तरीण त्यांना झोपू द्यायची. 1918 च्या कायद्याने ही पद्धत बंद व्हायची ठरली, पण प्रत्यक्षात थांबेपर्यंत यांचं बालपण संपलं होतं.

त्या भागात 'लेक' असा एक शब्द आहे. नॉर्स लोकांनी आणलेला, अर्थ खेळणं. पोरं गल्लीत 'लेकिंग' करायची. पण गिरणीत सूत नसलं, मंदी आली, कामावरून परत पाठवलं, की मोठी माणसंही 'लेकिंग' असायची. आजी म्हणाल्या, बाबा आठवडाभर 'खेळायला' घरी आले की आम्ही पोरं खेळणं थांबवायचो. घरात आवाज करायची सोय नसे.

सूत नसण्यावरून आणखी एक. त्यांची आजी कुठलीही कुजकी, फाटकी वस्तू दिसली की 'शुराट' म्हणून शिवी द्यायची. मला कळेना. मग उलगडा झाला : सुरत! 1861 ते 65, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, तेव्हा मुंबई बंदरातून आपला कापूस तिकडे गेला. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्याच मालाला व्यापारात 'सुरत' म्हणत. धागा आखूड, कचरा फार, मागावर सारखा तुटायचा. आणि मजुरी विणलेल्या कापडावर, तेव्हा धागा तुटला की पोट मारलं जायचं. ब्लॅकबर्नच्या विल्यम बिलिंग्टन नावाच्या कवीने बोलीत त्यावर गाणंही केलं. त्या ढिगात धारवाडचाही कापूस होता. माझं आजोळ धारवाडकडचं. हे सांगितल्यावर आजी हसून हसून खोकल्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'दा' म्हटलं.

हे 'दा' म्हणजे जुनं 'दाऊ', आपलं 'तू'. पुस्तकी इंग्रजीतून ते गेलं, तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं. घरच्यांना, मित्रांना, पोरांना 'दा'. डॉक्टरला, मास्तरला, मालकाला 'यू'. आईबापाला 'दा' म्हटलं तर थोबाडीत. इंग्रजीत तू आणि तुम्ही नाही, असं आपण शाळेत शिकलो ना? मीही शिकले होते. नर्स म्हणाली, डॉक्टर, तुम्हाला घरात घेतलंय.

आता मुख्य गोष्ट. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे. म्हणून विणकर बाया तोंड मोठमोठं हलवून, आवाज न काढता बोलत. याला 'मी-मॉ' म्हणतात. कान जात, पण ओठ वाचायची कला जन्मभर राही. वॉर्डाच्या या टोकाची आजी त्या टोकाच्या आजीशी अशी गप्पा मारायची आणि मधून चालताना मला पक्कं कळायचं की विषय मीच आहे. माझे ओठ मात्र त्यांना वाचता येत नसत. "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस," म्हणायच्या.

त्यांना तीन वर्षांनी धाकटा एक भाऊ. हुशार. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून वरच्या शाळेत गेला. ते साल 1921. त्याच साली सरकारने नेमलेल्या समितीचा इंग्रजीच्या शिक्षणावरचा अहवाल आला, त्यात घरात आणि रस्त्यावर लागलेल्या बोलण्याच्या वाईट सवयींशी शिक्षकाला झगडावं लागतं अशी तक्रार आहे. घर म्हणजे यांचंच घर! रिचर्ड हॉगर्टने 1957 च्या पुस्तकात अशा शिष्यवृत्तीच्या मुलांबद्दल लिहिलं. तो स्वतः लीड्सच्या हन्सलेट वस्तीतला. टोनी हॅरिसन हा कवी लीड्सच्याच बेकरीवाल्याचा मुलगा. कीट्सची कविता आपल्या उच्चारात म्हणतो म्हणून मास्तरांनी त्याला वर्गात थांबवलं होतं, आणि मोठेपणी त्याने त्यावरच कविता लिहिली.

आजींच्या भावाने कविता लिहिली नाही. तो जेवताना आईचे उच्चार सुधारायचा. चांगल्या मनानेच. आईने दोनचार महिने प्रयत्न केला, मग त्याच्यासमोर बोलायचंच सोडलं. "तो खोलीत आला की ती भांडी घासायला उठायची," आजी म्हणाल्या. तो पुढे दक्षिणेत बँकेत लागला. नाताळला कार्ड यायचं.

आजी आजारी असल्याचं कळवलं तेव्हा तो आला. सत्त्याहत्तर वर्षांचा, नीटनेटका, रेडिओवरच्यासारखं बोलणारा. पलंगाशी उभा राहून बहिणीशी बोलू लागला. त्यांना ऐकू येईना, आणि त्याचे ते सभ्य, मिटलेले ओठ वाचताही येईनात. दोनदा झालं, तीनदा झालं. मी पुढे होऊन लिहायला पाटी देणार होते.

तेवढ्यात आजींनी तोंड मोठं करून, आवाज न काढता काहीतरी विचारलं. तो थबकला. इकडेतिकडे पाहिलं, वॉर्डात कोण बघतंय का. आणि मग त्यानेही तसंच तोंड हलवून उत्तर दिलं. आईकडून शिकला असणार, मागाशी डबा पोचवायला जाताना. पंधरा मिनिटं दोघं अशी बोलत होती. मध्ये त्याने खुर्ची ओढून घेतली. शेवटी उठून तिची चादर मानेपर्यंत ओढली.

मी नर्सला हळूच विचारलं, काय बोलतायत? ती गावचीच, तिला सगळं कळत होतं. म्हणाली, "घरातलं आहे, डॉक्टर," आणि पडदा ओढून घेतला.

त्या दिवसापासून मी केसपेपरवर पेशंटचा शब्द आहे तसा लिहायला लागले, माझा अर्थ खाली वेगळ्या ओळीत. असे शब्द एका वहीत उतरवत गेले. वही आज आणलीय, टेबलावर ठेवते. बघायची असेल त्यांनी या की. चहा पण आहे.