बाळंतिणीला कुणी विचारतं का?
(प्रभाग संघाच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, घरात बाळंतीण असली की आपण डिंकाचे लाडू करतो, शेकशेगडी करतो. बाळाचं वजन तर येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारते. पण "बाई गं, तुला झोप लागते का? सारखं रडू येतं का?" हे तिला कोण विचारतं? ती गप्प झाली की "हल्लीच्या पोरी नाजूक" म्हणून आपण मोकळ्या!

स्कॉटलंडमध्ये घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या कामाचा एक अभ्यास १९८९ साली छापून आला. बाळंतपणानंतर मन खचलेल्या ५० बायका होत्या. त्यातल्या २६ जणींकडे थोडं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका दर आठवड्याला, अशी आठ वेळा गेली. काम मुख्य एकच, मन लावून ऐकायचं. १८ जणी सावरल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ जणींपैकी ९.

आपल्या गटातल्या बाळंतिणीकडे अर्धा तास बसणं आपल्याला जड नाही. उदासपणा दोन आठवड्यांवर गेला तर आशाताईंना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर फोन लावा. आणि "जीव नकोसा झालाय" असं ती बोलली, तर तिला एकटी सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या. घरचे काय म्हणतील ते मागाहून बघू.