कासेतली गाठ : व्यापाऱ्याआधी आपला हात
(बीड जिल्हा मेळाव्यासाठी केलेले भाषण)



बाजारात दुभती शेळी घेणारा व्यापारी आधी कासेला हात घालतो. गाठ लागली की भाव तोच ठरवतो. तोच हात आपण घरी का घालत नाही?

कापसाचा पैसा हंगामालाच येतो. मधल्या अडीनडीला शेळीच विकावी लागते. आपली काळी उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी करडं देते, पण कासेला सड दोनच. एक बाजू गेली की एक करडू उपाशी.

गाठ एकाच जातीची नसते. दोन्ही बाजू चाचपून बघा.

कास गरम, सुजलेली. शेळी हात लावू देत नाही. काळ्या फडक्यावर पिळलं तर दुधात गुठळ्या किंवा रक्त दिसतं. ही दगडी, म्हणजे कासदाह. त्या बाजूचं दूध दिवसातून तीन-चार वेळा पिळून भांड्यात काढा, गोठ्यात सांडू नका, करडाला पाजू नका. डॉक्टरांचं औषध त्याच दिवशी सुरू करा. सूज उतरली म्हणून इंजेक्शनं अर्धवट सोडू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरात घेऊ नका.

कास थंड, निळी-काळी पडली, शेळीनं चारा टाकला, तर कास सडते आहे. इथं एक रात्रही थांबू नका. कास जाईल, पण शेळी वाचू शकते.

कासेच्या मागं, वरच्या अंगाला गोल गाठ आली, तर तिथल्या ग्रंथीत पू धरलेला असू शकतो. ती घरी ब्लेडनं फोडू नका. तो घट्ट पू गोठ्यात सांडला तर रोग कळपात पसरतो. शेळी वेगळी बांधा. डॉक्टर सुई घालून पारख करतील, मग फोडतील. पू आणि बोळे जाळून टाका.

दगडीनंतर उरलेली टणक, न दुखणारी गाठ सहसा औषधानं विरघळत नाही. अशी शेळी पुढच्या वेतासाठी ठेवायची का, हा हिशेब गाभण जाण्याआधीच करा.

डाग देऊन यातली एकही गाठ बरी होत नाही. फक्त कातडी जळते.

निरोगी शेळी आधी पिळा, आजारी शेवटी. बसायची जागा कोरडी ठेवा. ऊसतोडीला जाताना शेळ्या म्हाताऱ्या आईवर सोडून जाता, तेव्हा तिला ही पारख शिकवून जा आणि जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर भिंतीवर लिहून जा.