घरी बनवलेल्या सिंथेसायझरचा पासंग



आपण सर्वांनी तागडी पाहिलेली आहे. चांगला दुकानदार माल घालण्यापूर्वी रिकामी तागडी उचलून दाखवतो. एक पारडे जरा खाली राहिले, तर दुसऱ्यात एखादा चिंचोका टाकून दोन्ही सारखी करून घेतो. याला आपण पासंग काढणे म्हणतो. परंतु पासंग काढला म्हणजे माप खरे झाले असे नव्हे. किलोचे वजनच झिजलेले असेल, तर रिकामी तागडी समतोल दिसेल आणि गिऱ्हाईक मात्र दर किलोमागे फसत राहील. म्हणजे दोष दोन तऱ्हेचे आहेत : एक पासंगाचा, दुसरा मापाचा. हे दोन दोष वेगळे ओळखणे आणि वेगळे दुरुस्त करणे, एवढेच आज मला सांगायचे आहे. फक्त तागडी धान्याची नाही, स्वरांची आहे.

विजेवर स्वर काढणाऱ्या यंत्राला सिंथेसायझर म्हणतात. त्याचा एक प्रकार सुट्या भागांचा असतो. एक भाग स्वर निर्माण करतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. दुसरा भाग चाळणीसारखा आवाजातला नको तो अंश गाळतो, तिसरा आवाज लहानमोठा करतो. या प्रत्येक भागाला मॉड्यूल म्हणतात, आणि ही मॉड्यूल तारांनी एकमेकांना हवी तशी जोडतात. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास असे यंत्र प्रथम तयार केले. मूग यांचे असेच एक यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बसवले गेले, आणि आपल्याकडच्या मंडळींनी त्यावर ध्वनीचे प्रयोग केले. तेव्हा ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. आता तर सुटे भाग मागवून, डाग देऊन, हौशी लोक घरच्या टेबलावर ही मॉड्यूल बनवतात. शाळेच्या विज्ञान मंडळालाही ते जमण्यासारखे आहे.

मूग यांच्या यंत्रातला एक नियम पुढे बहुतेकांनी उचलला. तो असा : विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जावा. म्हणजे कंपने दुप्पट व्हावीत. आपल्या बाजाच्या पेटीत एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. एका व्होल्टाचे बारा भाग केले, तर एका पट्टीला सुमारे ८३ मिलिव्होल्ट आले. हा नियम पाळला गेला तर यंत्र सुरात, नाही पाळला तर बेसूर. बाकी सगळी कारागिरी त्यानंतरची.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे या खटाटोपाची गरज कळेल.

मी शाळेत विज्ञान शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. नववीच्या मुलांना घेऊन मी एक ऑसिलेटर तयार केला. हिवाळ्यातल्या सकाळी, शाळेच्या ओसरीवर बसून आम्ही तो लावला. एक व्होल्टला एक सप्तक, अगदी काटेकोर. मला मोठा आनंद झाला. त्याच आठवड्यात स्नेहसंमेलन होते. आठवीतली एक मुलगी प्रार्थना म्हणणार होती, आणि तिला साथ या यंत्राची द्यायची असे मीच ठरवले. संध्याकाळी मंडप माणसांनी भरलेला, वर प्रखर दिवे, आणि आमचे मॉड्यूल एका बंद लाकडी खोक्यात. सुरुवातीला षड्ज मिळवून घेतला, तो जुळला. परंतु अंतऱ्यात मुलगी तार षड्जावर गेली आणि यंत्राचा तार षड्ज तिच्या खालीच राहिला. दोन स्वर एकमेकांवर घासू लागले. ती बावरली. मागे कोणीतरी हसले. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "पोरीचा गळा अजून कच्चा आहे, गुरुजी." आणि मी, विज्ञानाचा मास्तर, गप्प बसलो. यंत्र चुकेल हे माझ्या मनातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी आणून पडताळले. खोका दिव्याखाली तापवला आणि तपासले. मुलीचा तार षड्ज पेटीच्या तार षड्जाशी जुळला. यंत्राचा मात्र जवळजवळ अर्धी पट्टी खाली होता.

असे का झाले? ऑसिलेटरमध्ये ट्रान्झिस्टरची एक जोडी असते. तिच्या टोकाशी सुमारे १८ मिलिव्होल्टची वाढ झाली की तिच्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो, आणि म्हणून स्वरही दुप्पट होतो. पण हे १८ मिलिव्होल्ट नेहमीच्या उष्णतेचे. उष्णता एक अंश वाढली की दुप्पट होण्यासाठी सुमारे एक तृतीयांश टक्का जास्त दाब लागतो. सकाळच्या ओसरीपेक्षा रात्री खोक्यातली हवा दहा-बारा अंशांनी अधिक तापली असेल, तर सप्तक साडेतीन-चार टक्क्यांनी आखूड होते. बारा पट्ट्यांच्या सप्तकात चार टक्के म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. खालचा षड्ज आपण मिळवून घेतला, म्हणजे पासंग काढला. माप मात्र झिजलेलेच राहिले.

यावर उपाय आहे. उष्णतेबरोबर ज्याचा रोध तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का, वाढतो असा खास रेझिस्टर मिळतो. तो त्या ट्रान्झिस्टरच्या जोडीला अगदी चिकटवून बसवावा लागतो, म्हणजे दोघांना एकच ऊब लागते. पैसे वाचवण्यासाठी आम्ही साधा रेझिस्टर घातला होता. ती बचत त्या मुलीला महाग पडली.

आता तपासणी कशी करावी ते क्रमाने सांगतो. गुरुजी मंडळींनी वहीत टिपून घ्यावे.

पहिले काम वीज देण्यापूर्वीचे. भिंग घेऊन प्रत्येक डाग पाहा. दोन डाग चुकून एकमेकांना चिकटलेले नाहीत ना? डायोड उलटा नाही ना? आयसीची खाच योग्य बाजूला आहे ना? मग मल्टिमीटरने वीज येण्याच्या तारांमधला रोध मोजा. या मॉड्यूलना बहुधा अधिक १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि मधला शून्य अशा तीन तारा लागतात. यांपैकी कोणत्याही दोहोंत रोध शून्याजवळ आला तर वीज देऊ नका, चूक शोधा. सध्या सर्वत्र चालणाऱ्या युरोरॅक पद्धतीत चपट्या तारेची लाल कड उणे १२ कडे असते. लाल म्हणजे अधिक, या सवयीने कित्येकांची मॉड्यूल जळाली आहेत. आणि एक ताकीद : घरातल्या २३० व्होल्टच्या विजेची जोडणी मुलांना करू देऊ नका. तयार अडॅप्टर घ्या.

दुसरे काम वीज देताना. आयसी अजून खोबणीत बसवायच्या नाहीत. अधिक आणि उणे अशा दोन्ही तारांत दहा-दहा ओहमचा एकेक रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांतला दाब पाहा. ०.३ व्होल्ट दिसले तर प्रवाह ३० मिलिअँपिअर आहे, हे सातवीआठवीचे गणित. आयसीच्या रिकाम्या खोबणीत योग्य जागी १२ व्होल्ट येतात का ते पाहा, मग वीज बंद करून आयसी बसवा. पुन्हा वीज दिल्यावर रेझिस्टरवरचा दाब एक व्होल्टच्या वर गेला किंवा काही बोटाला चटका देऊ लागले, तर ताबडतोब बंद करा. सारे ठीक असेल, तर ते दोन रेझिस्टर काढून टाका.

तिसरे काम मापाचेच माप घेण्याचे. मल्टिमीटरच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवा, आकडा शून्य आला पाहिजे. शक्य तर दुसऱ्या मीटरशी ताडून पाहा. साध्या मीटरवर २० व्होल्टच्या खुणेशी शेवटचा आकडा व्होल्टाचा शंभरावा भाग दाखवतो, म्हणजे पट्टीचा आठवा हिस्सा. सुरासाठी हे फार ढोबळ झाले. बटण २ व्होल्टच्या खुणेशी आणा, मग एक मिलिव्होल्टपर्यंत दिसते. आणखी एक खुबी ध्यानात ठेवा. फिरत्या रेझिस्टरमधून तुम्ही एक व्होल्ट तयार केला, मोजला, आणि मग मॉड्यूलला जोडला, तर जोडताक्षणी तो थोडा उतरतो. भरल्या बैलगाडीला चढ लागला की वेग कमी होतो ना, तसे. म्हणून जोडलेल्या अवस्थेतच मोजावे.

चौथे काम थांबण्याचे. झाकण लावून, वीज देऊन अर्धा तास काही करू नये. यंत्र ज्या उबेत वाजणार, त्याच उबेत ते लावले पाहिजे. मुलांना हे फार जड जाते. मलाही गेले होते.

पाचवे काम प्रत्यक्ष सूर लावण्याचे. यासाठी महागडे यंत्र नको. प्रयोगशाळेच्या कपाटात नादकाट्यांचा डबा असेल. त्यात २५६ आणि ५१२ असे आकडे कोरलेले दोन काटे असतात. एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे एक सप्तक. मॉड्यूलला शून्य व्होल्ट द्या आणि सूर बदलायच्या बटणाने तो २५६ च्या काट्याशी मिळवा. काटा रबरावर आपटून त्याची दांडी टेबलावर टेकवा. दोन स्वर अगदी जवळ आले की आवाज डुलू लागतो, वाढतो, कमी होतो. सेकंदाला चार वेळा डुलला तर चार कंपनांचा फरक आहे. डुलणे संथ होत होत थांबले की स्वर मिळाला. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

हा झाला पासंग. आता एक व्होल्ट द्या आणि ५१२ चा काटा वाजवा. जुळले नाही तर सूर बदलायच्या बटणाला हात लावू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. आता माप दुरुस्त करायचे आहे, आणि त्यासाठी मॉड्यूलवर पेचकसाने फिरणारा लहानसा ट्रिमर असतो. तो किंचित फिरवा. डुलणे संथ झाले तर दिशा बरोबर, जलद झाले तर उलट. जुळल्यावर पुन्हा शून्य व्होल्टवर या. २५६ थोडे हललेले असेल. ते पुन्हा मिळवा, पुन्हा वर जा. असे चार-पाच फेरे होतात. दर फेरीला चूक कमी होत जाते. वरचे डुलणे दोन सेकंदांना एकदा इतके संथ झाले की पट्टीचा सुमारे साठावा भाग उरतो. तेवढे पुरे.

मध्ये तपासायचे असेल तर ३८४ चा काटा घ्या. तो २५६ च्या दीडपट, म्हणजे आपला शुद्ध पंचम. त्यासाठी ०.५८५ व्होल्ट लागतात. पेटीच्या पंचमाला ०.५८३ पुरतात. पेटीचा पंचम तंबोऱ्याच्या पंचमाला किंचित उणा असतो, ही गोष्ट मुलांना दोन मिलिव्होल्टमध्ये दाखवता येते.

शेवटी वरची सप्तके पाहा. तीनचार सप्तके वर स्वर थोडा उतरू लागला, तर घाबरू नका. विहिरीवरची मोट आठवा. भरलेली मोट थारोळ्यात रिकामी व्हायला ठराविक वेळ लागतो. खेपा थोड्या असल्या तर तो वेळ जाणवत नाही. खेपा वाढल्या की तोच वेळ भरीला पडतो. ऑसिलेटरमधला कपॅसिटरही असाच भरतो आणि रिकामा होतो. पुष्कळ मॉड्यूलमध्ये यासाठी दुसरा ट्रिमर असतो. तो सर्वांत शेवटी फिरवावा.

मोबाईलवरही आता सूर मोजण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. पण आधी काट्याने आणि कानाने करा. मोबाईल आकडा सांगेल, आकडा का हलला ते कान शिकवील.

हे सगळे झाल्यावर वहीत चार गोष्टी लिहा : तारीख, खोलीची उष्णता, दिलेला दाब, मिळालेली कंपने. महिन्याने पुन्हा मोजा, आणि एकदा मुद्दाम दुपारच्या उन्हाच्या वेळी मोजा. जे यंत्र सकाळी आणि दुपारी एकच उत्तर देते, तेच गाण्याच्या साथीला बसवावे.

त्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. खरा प्रकार कळल्यावर मी सोमवारी परिपाठाच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, पेटी आणि यंत्र शेजारी ठेवून दोन्ही तार षड्ज वाजवून दाखवले आणि सांगितले, "त्या दिवशी ही सुरात होती. बेसूर माझे यंत्र होते." मुले क्षणभर गप्प राहिली. मुलगी खाली मान घालून उभी होती, पण पुढच्या संमेलनात तिने पुन्हा नाव दिले. यंत्राला मात्र मी तोवर तो खास रेझिस्टर बसवला होता, आणि मंडपातल्या दिव्याखाली तासभर ठेवून तपासले होते.

गुरुजी मंडळी, आपल्या शाळांतून आता नाना तऱ्हेची यंत्रे येत आहेत. ती मुलांना जोखतात, गुण देतात, चूकबरोबर सांगतात. मूल आणि यंत्र यांचे पटेनासे झाले, तर मुलाला दोष देण्यापूर्वी रिकामी तागडी एकदा उचलून पाहावी, आणि वजनही तपासून घ्यावे, एवढीच विनंती.