आंजेला त्रिंदाद यांची चित्रकला



आंजेला त्रिंदाद हे नाव ऐकताच एखाद्या पोर्तुगीज बाईची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. नाव पोर्तुगीज खरे. पण घराणे गोमंतकातील, आणि जन्म 1909 सालचा, मुंबईचा. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल 1510 पासून 1961 पर्यंत होता; बाप्तिस्म्याबरोबर अशी नावे तेथील घराघरांत आली. केवळ या नावापायीच आपण बाईंना परक्या मानले असावे. 

वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील अध्यापक व नामांकित व्यक्तिचित्रकार. छायाप्रकाशावरील त्यांच्या प्रभुत्वामुळे त्यांना पूर्वेकडील रेम्ब्राँ म्हणत. त्याच शाळेत लेकही शिकली. त्यांचे सहकारी धुरंधर यांच्या कन्या अंबिकाबाई याही तेथल्याच विद्यार्थिनी. अंबिकाबाईंचे नाव मराठी रसिकांस ठाऊक आहे, आंजेलाबाईंचे नाही.

वडिलांची तैलरंगाची विद्या बाईंनी उत्तम आत्मसात केली होती. तीवर त्यांचा चरितार्थ सहज चालला असता. तथापि त्या वळल्या भारतीय पद्धतीच्या रेखेकडे, आणि विषय घेतला तो ख्रिस्तचरित्राचा. त्यांची मरिया साडी नेसते, डोक्यावरून पदर घेते. आजच्या श्रोत्यास यात विशेष काही वाटणार नाही. पण 1736 साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने फर्मान काढून ख्रिस्ती पुरुषांस धोतराची व स्त्रियांस चोळीची मनाई केली होती, हे ध्यानी घ्यावे. ज्या समाजाच्या अंगावरून देशी वस्त्र हुकमाने उतरविले गेले, त्याच समाजातील एका लेकीने दोनशे वर्षांनी ते खुद्द देवमातेच्या अंगावर घातले! आणि हे बंड म्हणून नव्हे, श्रद्धेने. रोमहून पोप बारावे पायस यांनी त्यांना पदक देऊन गौरविले.

आपणां नगरकरांस हे नवल वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी याच नगरात राहून ख्रिस्तभक्तीला अभंगाचा व कीर्तनाचा वेष दिला. टिळकांचे शब्द प्रार्थनामंदिरांत अजून गायिले जातात. चित्राला तसा कंठ नसतो. ते ज्या भिंतीवर टांगले जाईल तेथेच राहते.

पुढे बाईंचे वास्तव्य अमेरिकेत झाले. तेथे त्यांनी त्रिकोणांच्या रचनेची एक नवी शैली काढली. त्रिंदाद या शब्दाचा अर्थच मुळी त्रैक्य. तेव्हा त्रिकोणात त्यांचे कुळनामही आले आणि धर्मतत्त्वही. कल्पना चतुर खरी, परंतु मला ती चित्रे काहीशी कोरडी वाटतात. साडीतील मरियेचा ओलावा त्यांत नाही. असो.

1980 साली त्यांचे निधन झाले. पिता व कन्या या दोघांच्याही चित्रांचा मोठा संग्रह पणजीस फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने जपून ठेवला आहे. तेथे जाणाऱ्याने आधी वडिलांची चित्रे पाहावी, मग लेकीची.