कागदावर आपले नाव कुठे आहे?
(महिला मेळाव्यातील भाषण)



मागच्या वर्षावासात विहारात जमलेल्या बायकांना आम्ही एक साधा प्रश्न केला. घरातल्या कोणत्या कागदावर तुमचे नाव आहे? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, "रेशनकार्डावर आहे की! मीच कुटुंबप्रमुख." सगळ्या हसल्या. गोष्ट खरी आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली बाई शिधापत्रिकेवर प्रमुख झाली. पण घरपट्टीची पावती कोणाच्या नावे? मुलाच्या. रांगेत उभे राहायला बाईचे नाव आणि घराला पुरुषाचे, असा हा हिशेब.

"काहीच सुचत नाही, अडकल्यासारखे झाले आहे," असे आमच्या भगिनी सांगतात. त्यावर वक्ते म्हणतात, बायांनो, जाग्या व्हा. आम्हीही हे भाषण पुष्कळदा ठोकले आहे. पण पहाटे भाकरी थापून कपाशी वेचायला जाणारी बाई झोपलेली नसते. ती अडकते, कारण एक पाऊल उचलले तर दुसरे ठेवायला तिची स्वतःची जागा नसते. "माझ्या घरातून नीघ" हे वाक्य ज्याच्या नावे घर आहे तोच बोलतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, घर कोणाच्याही नावे असो, बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. मात्र तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि मजुरी बुडवून तारखेला कोण जाणार?

हे काही आजच सुचलेले नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्यास बंदी मागितली, गिरणीतल्या बायांसाठी रजा आणि स्त्री देखरेखनीस मागितली. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बाया त्या मंडपात होत्या. त्यांनी सहानुभूती मागितली नाही, कायदा मागितला. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, इतर कारणांबरोबर त्याही कारणाने, बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, साऱ्या देशाला तो 2005 साली मिळाला.

आणि आम्ही काय केले? आमच्यातल्या काहीजणींनी भावाच्या एका शब्दावर हक्कसोडपत्रावर सही केली. वाटा मागितला तर आखाजीला माहेरी कोण बोलावणार, ही भीती. खानदेशातली लेक ही भीती कोणी न शिकवता शिकते. तिला आम्ही दोष देत नाही. भावाला मात्र विचारतो, बहिणीच्या सहीनंतर तरी तिला दरवर्षी मुऱ्हाळी पाठवलास का?

आपल्याच जळगाव जिल्ह्यात विटनेर गाव आहे. तिथे 1989 साली सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात तिथल्या शंभरावर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. कोणी म्हणेल, ते शेतीवाले, आपल्याकडे सातबारा कुठला? बरोबर आहे. वतने गेली, काहींकडे तुकडा उरला, बहुतेकांकडे तोही नाही. पण घर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवराबायको दोघांच्या नावे घराची नोंद करता येते. घरकुलही बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होते. त्याला लागतो एक अर्ज, नवऱ्याची संमती आणि दोन-चार खेटे.

संमती हाच अवघड भाग, हे आम्हाला ठाऊक आहे. एकटीने घरात विषय काढला तर भांडण होते. गल्लीतल्या चौघींनी एकाच आठवड्यात काढला तर पुरुष एकमेकांना विचारतात, "तू देतोस का सही?" हसू नका, असेच झाले आहे. पहिली सही एका हमाली करणाऱ्या भावाने दिली. शिकलेले, नोकरीवाले मागाहून आले, आणि काही अजून येत आहेत!

आमच्या संस्थेलाही एक विचारतो, आणि अध्यक्ष महाशय रागावणार नाहीत अशी आशा आहे. जयंतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करतात बाया, खीर करतात बाया. बँकेच्या खात्यावर सह्या मात्र तिन्ही पुरुषांच्या आहेत. त्यातली एक यंदा बदलावी, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

येत्या पौर्णिमेला दुपारी विहारात या. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि असेल तर सातबारा, जे घरात सापडेल ते पिशवीत घालून आणा. वाचता येत नसेल तर संकोच करू नका. कॉलेजातल्या आपल्या मुली वाचून दाखवतील आणि अर्जही लिहून देतील. मुलींनो, अर्जाचे कोरे कागद आम्ही आणतो, पेन तुम्ही आणा.